झाडातळीची शाळा

चिखलीहून खामगावकडे जाताना वाटेत अमडापूर लागते. टेकडीवरचे बल्लाळदेवीचे मंदिर, पायथ्याशी पसरलेले गाव आणि सभोवार काळी जमीन असे त्याचे पहिले दर्शन. आणखी थोडे पुढे सरकले की बोथ्याच्या बाजूचे रान सुरू होते. साग, सालई, धावडा, तेंदू, पळस अशा पानगळीच्या वृक्षांचे हे रान आज ज्ञानगंगा अभयारण्य म्हणून ओळखले जाते. १९९७ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. नदीच्या नावावरून अरण्याला नाव मिळाले. शिक्षणाच्या व्यवसायात असलेल्या आम्हां माणसांना मात्र या नावात एक सूचक योगायोग नेहमीच जाणवत आला आहे. ज्ञान आणि अरण्य ही दोन पदे आपल्या परंपरेत एकमेकांपासून फार दूर कधी नव्हती. ती दूर गेली ती अलीकडे, आणि त्या दुराव्याला आमच्यासारख्यांचाही हातभार लागलेला आहे.

हे विधान आम्ही अनुभवाने करीत आहोत. काही वर्षांपूर्वी याच परिसरातील एका लहान गावी शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आम्हांस वक्ते म्हणून बोलावले होते. गावाचे नाव घेण्याचे कारण नाही. अशी गावे पुष्कळ आहेत. तेथील जुनी शाळा कवेलूंची होती. तिला तिन्ही बाजूंनी पडवी होती आणि अंगणात तीन मोठे कडुनिंब होते. नव्या इमारतीला स्लॅब होता, रंगवलेल्या भिंती होत्या, लोखंडी फाटक होते. कडुनिंब नव्हते. संरक्षक भिंतीच्या रेषेत आले म्हणून ते तोडले होते. आम्ही भाषण केले. ज्ञानमंदिर, प्रगती, उज्ज्वल भवितव्य हे सगळे शब्द त्यात होते. कार्यक्रम संपल्यावर धोतर-बंडीतले एक वयस्क गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "इमारत लय चांगली झाली सर. पण उन्हाळ्यात पोरं बसतीन कुठी?"

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात त्या उन्हापायी, हे आम्हांस ठाऊक होते. मार्च उजाडला की शाळा सकाळची होते, हेही ठाऊक होते. तरीही वर्गखोली आणि झाड यांचा काही संबंध असतो हे त्या भाषणात आम्हांस सुचले नाही. प्रस्तुत लेख हा त्या न सुचलेल्या गोष्टीचा शोध आहे. रानात, रानाशी जुळवून शाळा बांधण्याचे प्रयत्न आपल्याकडे कोणी केले, कोणत्या हेतूने केले आणि त्यांचे पुढे काय झाले, असा हा प्रश्न आहे.

ओटा, पार आणि पटिसाळ

तपोवन म्हटले की आपल्याला कण्वाश्रम आठवतो. 'शाकुंतला'तील ते जग वाङ्मयीन आहे आणि त्याला इतिहासाचा पुरावा म्हणून फार ताणता येणार नाही. मराठीच्या अभ्यासकाने त्याहून जवळचा दाखला पाहावा. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी वऱ्हाडातून हिंडले. लोणार आणि मेहकर ही आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील स्थाने म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त येतात. या ग्रंथातील निरूपणे कोठे घडतात हे लक्षात घेतले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ती घडतात देवळाच्या पटिसाळेवर, ओट्यावर, नदीकाठी, झाडाच्या सावलीत. शिष्यांनी देशाच्या कडेला, झाडातळी आयुष्य घालवावे, असा चक्रधरांचा उपदेशही प्रसिद्ध आहे. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ज्या संवादांतून उभा राहिला, ते संवाद बंद खोलीत झालेले नाहीत.

पुढे महानुभावांनी 'स्थानपोथी' लिहिली. कोणते देऊळ कोणत्या गावी, त्याचे दार कोणत्या दिशेस, ओटा कोणीकडे, अशी बारकाईची नोंद तीत आहे. वास्तूचे वर्णन करण्याचा मराठीतील हा फार जुना प्रयत्न. त्याची दृष्टी शिल्पकाराची नाही. ती बसणाऱ्याची आहे. येथे गुरू बसले, येथे शिष्य बसले, म्हणून ही जागा महत्त्वाची. वास्तूचे मोल तिच्यातल्या बसण्यावरून ठरवण्याची ही रीत आम्हांस शाळेच्या संदर्भात मोलाची वाटते.

पंतोजींच्या शाळाही याच परंपरेतल्या होत्या. देऊळ, धर्मशाळा, एखाद्या वाड्याची ओसरी किंवा गावचा पार, जेथे सावली तेथे शाळा. या शाळांचे गुणगान करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. छडीची दहशत, निव्वळ पाठांतर आणि जातीची भिंत या गोष्टी त्यांच्यात होत्या. ओसरी कोणाची यावर तिच्यावर कोणी बसायचे हे ठरत असे. इंग्रजी अमदानीत सरकारी शाळेची स्वतंत्र इमारत आली, तेव्हा तिने दिलेले एक आश्वासन महत्त्वाचे होते: ही जागा कोणा देवाची नाही, कोणा सावकाराची नाही. प्रत्यक्षात ते आश्वासन पाळले जायला फार काळ गेला. तरी स्वतंत्र इमारतीच्या मागणीत समतेची मागणी होती, हे विसरून चालणार नाही. झाडाखालच्या शाळेविषयी हळवे होणाऱ्यांनी हा मुद्दा आधी पचवला पाहिजे.

माळरानावर लावलेले रान

विसाव्या शतकाच्या आरंभी ही इमारतच काहींना तुरुंगासारखी वाटू लागली. रवींद्रनाथ ठाकुरांनी डिसेंबर १९०१ मध्ये शांतिनिकेतनला ब्रह्मचर्याश्रम सुरू केला, तेव्हा विद्यार्थी पाचच होते. वर्ग झाडाखाली भरत. पाऊस आला तरच आत जायचे. या प्रयोगाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. काकासाहेब कालेलकर तेथे काही काळ राहिले होते, पु. ल. देशपांडे यांच्या 'मुक्काम शांतिनिकेतन'मुळे तर ते स्थळ मराठी वाचकाच्या घरचेच झाले.

मात्र एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. शांतिनिकेतन रानात वसवलेले नाही. देवेंद्रनाथांनी १८६३ साली ती जागा घेतली तेव्हा तेथे लाल, धुपलेला माळ होता आणि सप्तपर्णीची दोन झाडे होती. आज दिसणारी गर्द राई ही लावलेली, जोपासलेली आहे. आधी रान आणि मग त्यात शोभणारी शाळा, असा येथे क्रम नाही. शाळेने स्वतःभोवती रान वाढवले. १९३५ साली रवींद्रनाथांनी 'श्यामली' हे मातीचे घर बांधवून घेतले, छतासकट मातीचे. २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला, तेव्हा सप्तपर्णीच्या त्या दोन झाडांचीही गणना त्यात झाली असे आम्ही मानतो.

वऱ्हाडातल्या माणसाला यातून एक धडा घेता येतो. आमच्या गावी रान नाही, मग आम्ही काय करणार, ही सबब टिकत नाही.

शेगावची पत्रे आणि सेगावची माती

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात आले. या गावाचे नाव १९४० साली 'सेवाग्राम' झाले, त्याचे एक कारण आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव रेल्वेवरचे; नावाच्या सारखेपणामुळे पत्रांचा घोळ होई. म्हणजे सेवाग्रामच्या बारशाला शेगावचे पोस्ट साक्षीदार आहे.

सेगावातील आदिनिवास आणि बापूकुटी या वास्तूंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माती, बांबू, लाकूड, कवेलू. साहित्य आसपासचे, कारागीर आसपासचे, खर्च आटोपशीर. मीराबेननी मातीच्या भिंतीवर मातीतच ताडाची झाडे आणि चरखा उठावात काढला. ही एवढी एकच सजावट, आणि तीही भिंतीच्याच द्रव्यातून केलेली. घर झाडांत मिसळावे म्हणून त्याला हिरवा रंग देण्याची गरज तेथे भासली नाही, कारण ते घर ज्या जमिनीवर उभे होते त्याच जमिनीचे होते.

शिक्षणाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे घडले ते पुढच्या वर्षी. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 'नई तालीम'चा आराखडा तयार झाला. हिंदुस्तानी तालिमी संघाचे काम ज्यांनी सेवाग्रामात उभे केले ते आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून आलेले होते. त्यामुळे सप्तपर्णीच्या सावलीचा एक धागा वर्ध्याच्या उन्हात आला. पण येताना त्याचे रूप बदलले. शांतिनिकेतनात मूल झाडाखाली बसून गात होते. सेवाग्रामात ते कापूस वेचत, सूत काढत, भाजीचा वाफा खणत शिकू लागले. निसर्ग पाहण्याचा विषय होता, तो करण्याचा विषय झाला. या पद्धतीत शाळेची इमारत आपोआपच लहान होते, कारण अर्धी शाळा शेतात असते.

नई तालीम टिकली नाही, याची कारणे वास्तूत नाहीत. पालकांना आपली मुले कारकून व्हावीत असे वाटत होते. सूत काढणारी शाळा गरिबांची आणि पाटी-पुस्तकाची शाळा साहेबांची, अशी वाटणी त्यांना दिसत होती, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. सेवाग्रामात २००५ साली 'आनंद निकेतन' या नावाने ही परंपरा नव्याने सुरू झाली, ही समाधानाची बाब आहे.

कुरणात गेलेली शाळा

आमच्या मते या इतिहासातले सर्वांत धाडसी पाऊल मात्र ना शांतिनिकेतनात पडले, ना सेवाग्रामात. ते पडले डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे वैवाहिक आयुष्य काही वर्षे अमरावतीत गेले, म्हणून वऱ्हाडाला त्या परक्या नाहीत. १९२३ साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. माँटेसरींची पद्धत त्यांनी तेथे आत्मसात केली आणि तिची अडचणही जाणली. माँटेसरीची साधने महाग होती, घडीव होती, शहरी होती. २४ डिसेंबर १९४५ रोजी त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्याबरोबर होत्या. बोर्डीच्या आदिवासी पाड्यांवर काम करताना दोघींना दिसले की बालवाडी उघडून मुले येत नाहीत. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दामागे हा प्रयोग आहे असे मानले जाते. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला.

पुढे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम कोसबाडला आले. तेथे वारली मुलांसमोर वेगळीच अडचण होती. थोडी मोठी झालेली मुले गुरे राखायला जात. शाळेची वेळ आणि चराईची वेळ एकच. अशा वेळी आपण काय केले असते? हजेरीपट लाल शाईने भरला असता, पालकांना अज्ञानी ठरवले असते. ताराबाई-अनुताईंनी शिक्षकालाच कुरणात धाडले. गुरे चरताहेत, मुले सावलीला गोळा झाली आहेत आणि त्यांच्यापुढे खडे, बिया, पाने, काड्या मांडून मोजणी चालली आहे, ही ती 'कुरणशाळा'. साधने त्याच मातीतली. घंटा नाही, भिंत नाही, इमारत तर नाहीच.

निसर्गात मिसळणारी शाळा कशी असावी, या प्रश्नाला कुरणशाळा हे अगदी टोकाचे उत्तर आहे. येथे मिसळायला वास्तूच शिल्लक राहत नाही. आणि तरीही ती शाळा आहे, कारण वेळ, शिक्षक आणि मूल या तिघांची तेथे गाठ पडते. त्याच वेळी कोसबाडला इमारतीही होत्या आणि त्या हव्याच होत्या, हे सांगितले पाहिजे. पावसाळ्यात कुरणशाळा चालत नाही. अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनाच्या शीर्षकातच टेकडी आहे. संस्थेचे नाव नाही, पदही नाही. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या मराठीच्या वर्गात आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना हे पुस्तक फार क्वचित हाती घेतले जाते, हा आमच्या अभ्यासक्रमांचा उणेपणा आहे.

रान कोणाचे?

आता वास्तुशास्त्राच्या अर्थाने 'निसर्गात मिसळलेली' म्हणता येईल अशी शाळा पाहू. पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज ऑफ इंडिया आहे. क्रिस्टोफर बेनिंजर यांनी त्याची रचना केली. हे अमेरिकेत जन्मलेले वास्तुविशारद पुण्यात स्थायिक झाले आणि २०२४ साली त्यांचे निधन झाले. १९९७ साली हे विद्यालय सुरू झाले. टेकडीच्या माथ्यावर सह्याद्रीच्याच काळ्या पाषाणाच्या जाड भिंती, बसक्या इमारती, मधली चौक-अंगणे, चढ-उताराला न मोडता बसवलेल्या पायऱ्या असे त्याचे रूप. या कामाला २००० साली आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. वास्तूने डोंगराशी भांडू नये म्हणजे काय, हे तेथे कळते.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने दृश्यावर थांबू नये. याच मुळशी पेट्यात १९२१ साली धरणात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या सोबत सत्याग्रह केला होता. त्या विद्यालयाचा आणि त्या धरणाचा संबंध नाही. आम्ही तो जोडतही नाही. सांगायचे एवढेच की आपल्याकडे डोंगर आणि रान ही केवळ पार्श्वभूमी कधीच नसते. कोणीतरी तेथे गुरे चारलेली असतात, कोणीतरी तेथून हललेले असते. शहरातल्या सुस्थित घरातील मुलाला रानातली शाळा ही निवड म्हणून मिळते. पाड्यावरच्या मुलाला ती वाट्याला आलेली असते. पहिल्याच्या पालकाला मातीची भिंत सुंदर वाटते आणि दुसऱ्याच्या पालकाला सिमेंटची. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ज्याच्या घराला कुडाची भिंत आहे, तुराट्या-पऱ्हाट्यांवर शेण-मातीचे लिंपण आहे, त्याला आपल्या मुलाची शाळा तरी पक्की असावी असे वाटण्यात चूक कोणती?

या इच्छेमागे भयही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेचे गवती छप्पर पेटले आणि ९४ मुले दगावली. त्यानंतर मुलांच्या डोक्यावर गवत कोण ठेवील? स्लॅबचा विजय हा केवळ ठेकेदारांचा विजय नाही, तो आईबापांच्या काळजीचाही आहे. झाडाच्या बाजूने बोलताना ही काळजी हसण्यावारी नेणारा माणूस गावाचा विश्वास गमावतो, आणि त्याने तो गमावलाच पाहिजे.

मग वाद कोठे उरतो? आमच्या मते तो स्लॅब की कवेलू असा नाहीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी काय काय हवे त्याची यादी आहे. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान इत्यादी. यादी आवश्यक आहे. तिच्यासाठी लोक झगडले आहेत. त्या यादीत झाड नाही. संरक्षणासाठी मात्र भिंत किंवा कुंपण असा पर्याय आहे. त्या 'किंवा'त पुष्कळ जागा आहे. भिंत सरळच गेली पाहिजे असे कायदा म्हणत नाही. कडुनिंब आला की तिने हातभर वळावे, किंवा तेवढ्या भागात कुंपण व्हावे, यास कोणाची हरकत नव्हती. कायद्याने झाड तोडायला सांगितले नव्हते. ते तोडले गेले, कारण नकाशावर ते दाखवलेलेच नव्हते. नकाशा कोऱ्या कागदावर निघाला आणि गावही कोरे समजले गेले.

पुन्हा अमडापूर

या इतिहासातून आम्ही एवढे शिकलो. निसर्गात मिसळलेली शाळा ही शैली नव्हे. शांतिनिकेतनाने माळावर झाडे लावली, सेवाग्रामाने हाताशी असलेली माती घेतली, कोसबाडने मुलांच्या वेळेपुढे आपली वेळ सोडली. तिघांची रूपे वेगळी, कृती एकच: आधी तेथे काय आहे आणि कोण आहे ते पाहिले, मग शाळा मांडली. 'स्थानपोथी'च्या कर्त्यांनी जसे बसणाऱ्यावरून जागा ओळखली, तसे.

हे आपल्या जिल्ह्यात अवघड नाही. पक्क्या छताला तीन बाजूंनी पडवी जोडता येते. आपल्या जुन्या शाळांना ती होतीच. धाब्याच्या घरांच्या जाड भिंती दुपारी का थंड राहतात हे येथला कोणताही गवंडी सांगू शकतो. वर्ग मोजताना झाडाचा पार हाही एक वर्ग म्हणून मोजता येतो. आणि ज्ञानगंगेच्या रानापासून काही कोसांवर शिकणाऱ्या मुलाला सालई आणि धावडा पुस्तकातल्या चित्रावरून ओळखावा लागू नये, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

त्या गावी आम्ही मागच्या वर्षी पुन्हा गेलो. मार्चचे ऊन होते. इमारत सुस्थितीत होती. मुले आणि त्यांचे गुरुजी मात्र रस्त्यापलीकडे देवळाच्या सभामंडपात बसले होते. फळा भिंतीला टेकवलेला होता. फाटकाच्या आत, भिंतीला लागून, कंबरेएवढी चार निंबाची रोपे होती आणि त्यांना बोरीच्या काट्यांचे कुंपण केलेले होते. कोणी लावली असे विचारल्यावर गुरुजींनी त्या वयस्क गृहस्थांकडे बोट दाखवले. ते मंडपाच्या पायरीवर बसले होते. या वेळी आमच्याकडे भाषण नव्हते. आम्ही त्यांच्याशेजारी बसलो आणि रोपांना पाणी कोण घालते ते विचारले.

"पोरंच घालतात," ते म्हणाले. "चौथीची घालतात. पाचवीत गेली की दुसरी येतात."